आधी छाप, मग कातर

उन्हाळ्याच्या तोंडावर सुती छापील कापडाची खरेदी जोरात असते. पांढऱ्या जमिनीवर बारीक फुलांच्या बुट्ट्या असलेलं सांगानेरी कापड दुकानात उलगडलं की नजर हलत नाही. तेच कापड टॉप होऊन अंगावर आलं की मात्र पुष्कळदा फिकं पडतं. छातीवर फूल अर्धंच कापलेलं असतं, पाठीवरच्या कळ्या उलट्या लटकतात आणि गळ्याला कापडाशी न जुळणारी लेस लागलेली असते. मग खापर कापडावर किंवा शिलाईवर फुटतं. माझ्या मते चूक त्याआधीच, कापड बेतताना होते. छापाने जे काम करून ठेवलेलं असतं, तेच कातर आणि लेस पुन्हा करू पाहतात. नक्षीदार कापडाचा उन्हाळी टॉप जितक्या कमी तुकड्यांत बेतावा, तितका तो नाजूक दिसतो आणि अंगाला गार लागतो.

हे पटायला कापड कसं छापलं जातं ते पाहावं. जयपूरजवळच्या सांगानेर आणि बगरू या गावांत छिपा कारागीर पिढ्यानपिढ्या लाकडी ठशांनी छपाई करत आले आहेत. साध्या फुलालाही एक ठसा पुरत नाही. ‘रेख’ हा ठसा फुलाची कड उमटवतो, आतल्या रंगांसाठी वेगवेगळे ‘दत्ता’ ठसे त्या कडेच्या आत नेमके बसवले जातात आणि जमीन रंगवायची असेल तर त्यासाठी ‘गद’ लागतो. दोन बुट्ट्यांमध्ये किती जागा सोडायची, वेल कुठे वळवायची, हेही ठरलेलं असतं. म्हणजे कापड आपल्या हाती येतं तेव्हा त्यावरची रचना पूर्ण झालेली असते. अशा कापडाला प्रिन्सेस कट दिला की वेल उभी चिरली जाते. टक्स घातला की बुट्टीचा एक भाग घडीत जातो. देठ एकीकडे आणि पाकळ्या दुसरीकडे राहतात. एकरंगी कापडाला याच शिवणी सुरेख आकार देतात, पण नक्षीवर त्या रचना मोडतात.

मग आकार आणायचा कुठून? चुण्यांमधून. सुती कापडाचा पन्हा बहुधा 44 इंचांच्या आसपास असतो. तो मधोमध दुभागला की 22 इंचांचे दोन उभे पट्टे मिळतात, एक पुढच्या भागाचा आणि एक पाठीचा. दोन्ही शेजारी शेजारी असल्याने फुलांची तोंडं एकाच दिशेला राहतात. बाजूच्या शिलाया धरून घेर साधारण 42 इंच होतो. 36 इंच छातीला सहा इंचांचा सैलपणा मिळतो. मुंढे कापल्यावर पट्ट्याची वरची कड 18-19 इंच उरते. ती 14 इंचांच्या योकला, म्हणजे खांद्यांवरच्या आडव्या पट्टीला, चुण्या घालून जोडली की टॉप खांद्यांवर नेटका बसतो आणि खाली मोकळा पडतो. योकच्या मध्यावर बुट्टी पूर्ण येईल असं आधी खडूने आखून घ्यावं. गळ्याला लेसऐवजी त्याच कापडाची उरेब पट्टी लावावी. योक, छोट्या बाह्या आणि पट्टी धरून मध्यम उंचीला दीड मीटर कापड सहसा पुरतं. मात्र सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून बेतण्याआधी ते गार पाण्यातून काढून, सावलीत वाळवून इस्त्री करून घ्यावं. मलमल किंवा व्हॉइल असेल तर 11 नंबरची बारीक सुई वापरावी. बाजूंना फ्रेंच शिलाई घालावी: आधी सुलट बाजूने अरुंद टीप, मग कापड उलटवून दुसरी, म्हणजे धागे आत बंद होतात आणि घामेजल्या अंगाला टोचत नाहीत.

असा टॉप झबल्यासारखा दिसेल, ही शंका रास्त आहे. पण झबल्यासारखा तो दिसतो खांदे सैल राहिल्यामुळे. खांदा आणि योक मापात असले की खालचा घेर डौलदार वाटतो. तरी कंबर दिसावी असं वाटलं तर मागे बांधायची नाडी लावावी, तिच्यासाठी नक्षी कापावी लागत नाही. पातळ कापडातून अंग दिसतं, हा दुसरा आक्षेप. त्यासाठी सगळ्या टॉपला अस्तर लावलं तर उन्हाळी कापड घेण्यातला फायदाच जातो. योक दुहेरी करावा आणि आत पातळ सुती शमीज घालावी. काहींना वाटेल की साध्या बेतात शिवणाऱ्याचं कसब दिसत नाही. उलट तिथेच ते उघडं पडतं, कारण चुण्या एकसारख्या नसल्या किंवा बुट्टी तिरकी गेली तर झाकायला दुसरं काही नसतं.

जुन्या वेशभूषेतही या विचाराला आधार मिळतो. आपल्याकडचा पारंपरिक कुर्ता सरळ पट्टे, कळ्या आणि बगलेचा चौकोनी तुकडा यांतून बेतला जाई. कापड वायाही जात नसे. कापडाचं हे मोल परदेशातही कळत होतं. भारतीय छापील सुती कापडाने युरोपला इतकं वेड लावलं की तिथल्या विणकरांचा धंदा राखण्यासाठी फ्रान्सने 1686 मध्ये त्यावर बंदी घातली आणि इंग्लंडने 1721 मध्ये ते वापरण्यावरही निर्बंध आणले. अठराव्या शतकातल्या फ्रेंच स्त्रियांच्या एका प्रसिद्ध झग्यात पाठीवरच्या रुंद चुण्या खांद्यापासून जमिनीपर्यंत सलग सोडत, म्हणजे भारी कापड न तुटता पुरतं दिसे. दूरदूरच्या शिंप्यांना एकच गोष्ट सुचली, कारण कापडाचं मोल ते ओळखून होते. आज ठशाच्या कापडाला आपण जास्त पैसे मोजतो ते त्यावरच्या हातकामासाठी. तेव्हा टॉप शिवायला टाकताना लेस कोणती लावणार हे विचारण्याआधी बुट्टी कुठे येणार हे विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत कापडाला कातर लावू देऊ नये.