पदवी हातात, पण पात्रतेचे काय?

'मुलीचे बी.एड. झाले, आता नोकरीची चिंता मिटली,' असे समाधान अनेक घरांतून ऐकू येते. पण नुसत्या पदवीवर शाळेत रुजू होण्याचे दिवस संपले. पदवी आणि वर्ग यांच्या मध्ये आता एक परीक्षा उभी आहे आणि तिथे भल्याभल्यांची दांडी उडते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, आवश्यक ठरवली. केंद्राची पहिली परीक्षा २०११ मध्ये झाली, महाराष्ट्राची २०१३ मध्ये. अडीच तास, १५० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापणे नाही. उत्तीर्ण होण्यासाठी ९० गुण हवेत. राखीव प्रवर्गांना काही सवलत मिळते.

ऐकायला सोपे वाटते ना? तरीही २०१२ च्या नोव्हेंबरमधील केंद्रीय परीक्षेत शंभरातला एकही धड उत्तीर्ण झाला नाही; निकाल एक टक्क्याच्याही खाली गेला!

चूक कोणाची?

दोष केवळ उमेदवारांचा म्हणता येणार नाही. पाठांतर करून पदवी मिळते, पण मूल कसे शिकते हे पाठ करता येत नाही. समजा, ५२ मधून २७ वजा करताना मुलाने ३५ उत्तर काढले. ते प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे, हे ओळखणारा शिक्षक हवा. नुसती फुली मारणारा नको. ही नजर प्रत्यक्ष वर्गात उभे राहूनच येते.

पण अनेक महाविद्यालयांत हजेरी कागदावर आणि सराव पाठ वहीतच होतात. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. २०१२ च्या या अहवालाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्पष्टच म्हटले की, दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक संस्थांपैकी बहुसंख्य संस्था पैसे घेऊन पदव्या विकत आहेत.

जुन्यांनाही सुटका नाही

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना पुन्हा अभ्यासाला बसावे लागले.

अर्थात परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणजे उत्तम शिक्षक झाला, असेही नाही. मुलांवरची माया आणि संयम पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकेत मोजता येत नाहीत. पण पाचवीचे गणित शिकवणाऱ्याला पाचवीचे गणित यावे, ही अपेक्षा अवाजवी कशी?

म्हणून मुलामुलींना बी.एड.ला घालण्यापूर्वी केवळ फी विचारू नका. सरावासाठी कोणत्या शाळा जोडल्या आहेत? दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत प्रत्यक्ष अनुभव मिळायला हवा, तो खरोखर मिळतो का? पूर्वीच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण टीईटी उत्तीर्ण झाले? या प्रश्नांना टाळाटाळ झाली, तर दुसरे महाविद्यालय शोधणेच शहाणपणाचे. पैसे तुमचे जातील, पण नुकसान उद्या त्या वर्गात बसणाऱ्या चाळीस मुलांचेही होईल.