चित्रनळीचा दूरचित्रवाणी संच : रचना, लकबी आणि विल्हेवाट

राज्यातील पहिले दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई येथे सुरू झाले. मराठवाड्यातील शिरड शहापूरसारख्या गावांना मात्र पडद्यावरील चित्रासाठी बरीच वाट पाहावी लागली. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि १९८४ पासून लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर झपाट्याने पसरले. त्यानंतर ग्रामीण भागातही घराघरांवर ॲन्टेना दिसू लागले. शिरड शहापूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात आहे. दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. तथापि, शाळा व कार्यालयांच्या जडसंग्रह नोंदवहीत जुने संच आजही आढळतात. त्यांची विल्हेवाट सुरक्षितपणे लावावयाची, तर त्यांची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

चित्र कसे उमटते?

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये तयार केलेली नळी हा या संचाचा पाया होय. काचेच्या निर्वात नळीच्या मानेत एक तापतंतू असतो. तो तापला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि हजारो व्होल्टच्या दाबामुळे वेगाने पडद्याकडे झेपावतात. पडद्याच्या आतील लेपावर ते आदळताच तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांतील चुंबकीय क्षेत्र हा शलाका-झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवीत राहते. भारतात स्वीकारलेल्या पद्धतीत ६२५ रेषांचे एक चित्र, अशी सेकंदाला २५ चित्रे रेखाटली जातात. ठिपका एकच असूनही डोळ्यांना अखंड चित्र भासते.

परिचित लकबी

बटन दाबल्यावर चित्र काही सेकंदांनी येई, कारण तापतंतू तापण्यास वेळ लागे. विजेचा दाब उतरला की अनेक संचांतील चित्र चोहोबाजूंनी आक्रसत असे. म्हणूनच घरोघरी स्टॅबिलायझर आले. रंगीत संचाजवळ लोहचुंबक नेल्यास झोत वाट चुके आणि पडद्यावर रंगांचे डाग पडत. संदेश क्षीण झाल्यास 'मुंग्या' दिसत. पडद्यावर साचणाऱ्या स्थिर विद्युतभारामुळे धूळ तेथे ओढली जाई आणि हात जवळ नेल्यास केस उभे राहत.

धोका कोठे आहे?

नळीत हवा नसल्यामुळे बाहेरील हवेचा दाब तिच्यावर सतत असतो. वीस इंची पडद्यावरच हा भार एक टनाहून अधिक भरतो. नळी फोडल्यास काच प्रथम आत कोसळते आणि तिचे तुकडे जोराने बाहेर उडतात. संच बंद असला तरी नळीत उच्च दाबाचा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. याखेरीज, क्ष-किरण रोखण्यासाठी रंगीत नळीच्या मागील काचेत शिसे मोठ्या प्रमाणात मिसळलेले असते. अशी काच उकिरड्यावर किंवा विहिरीलगत पडून राहिल्यास ते शिसे माती व पाण्यात उतरण्याचा संभव असतो. तांब्याच्या लोभाने नळीची मान तोडणे वा तारा जाळणे सर्वस्वी टाळले पाहिजे.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले असून दूरचित्रवाणी संच त्यांच्या कक्षेत येतात. निर्लेखन झालेला संच सामान्य भंगारात न देता तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे अखंड स्थितीत पोहोचला पाहिजे. तोपर्यंत तो कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. शिक्षकांनी त्याचे मागील झाकण न उघडता तापतंतू, निर्वात व चुंबकत्व यांचे धडे आकृतीच्या साहाय्याने द्यावेत. गावातील जुन्या संचांची यादी ग्रामपंचायतीने करून ते एकत्रितपणे पाठविल्यास वाहतुकीचा खर्च वाचेल आणि गावची माती व पाणीही निर्धोक राहील.