मुरुमांचे वण: खरवडण्यापासून सुईपर्यंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या पिढीतल्या कोणाच्या गालावर खड्डे दिसले, की ते देवीचे असणार हे गृहीतच असे. १९७५ मध्ये देशातून देवी गेली. पुढच्या पिढीचे खड्डे मुरुमांचे, पण उपाय जुनाच मिळाला: फिरत्या ब्रशने त्वचेचा वरचा थर खरवडायचा, म्हणजे डर्माब्रेजन. गोऱ्या कातडीला ते बरं मानवे. आपल्या गव्हाळ, सावळ्या वर्णावर खड्डा उथळ झाला तरी त्या जागी काळा डाग उठण्याची धास्ती मोठी.

विचार बदलला तो १९९५ नंतर. अमेरिकेतल्या ऑरेनट्रिच पिता-पुत्रांनी सबसिजन मांडलं: काही वण आतल्या तंतूंनी खाली ओढलेले असतात, तर सुई आडवी घालून ते तंतूच तोडायचे. २००२ मध्ये कोरियातून दुसरी युक्ती आली. अरुंद, खोल वणाच्या तळाशी लाकडी काडीने तीव्र टीसीए आम्लाचा ठिपका ठेवायचा, बाकी चेहऱ्याला हात लावायचा नाही. २००४ चा फ्रॅक्शनल लेझर सूक्ष्म बिंदूंपुरताच भाजतो. मधली त्वचा शाबूत राहते, म्हणून जखम लवकर भरते.

मला मात्र सर्वांत मोलाचं वाटतं ते मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांचा रोलर वणांवर फिरवणं. श्रीनगरच्या डॉ. इम्रान माजिद यांनी २००९ मध्ये आपल्याकडच्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, त्यांत बहुतेकांचे वण उथळ झाले होते. सुयांच्या रोलरमध्ये उष्णता नाही, त्यामुळे काळेपणाची भीती कमी, आणि खर्चही लेझरच्या मानाने बेताचा. अरुंद, खोल वणांवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे आम्लच लागतं. बहुतेक चेहऱ्यांवर सगळ्या जातींचे वण मिसळलेले असतात, म्हणून एकाच यंत्राचं पॅकेज विकणाऱ्यापासून जपून राहावं.

ग्वाल्हेरचं ऊन उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर जातं. त्या दिवसांत लेझर किंवा आम्लाचं पील करून दुपारी स्कूटरवर हिंडणं म्हणजे डाग ओढवून घेणं. लग्नाची तारीख ठरल्यावर धावत येण्यातही अर्थ नाही. नवं कोलॅजन भरायला महिने लागतात, आणि वण पूर्ण पुसला जात नाहीच.

दुकानदाराच्या सांगण्यावरून स्टिरॉइडचं क्रीम चोपडण्याने तर कितीतरी कोवळे चेहरे नासले. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांना पूर्वी वणांच्या उपचारांसाठी औषध थांबवून सहा महिने थांबावं लागे. २०१७ च्या सुमारास तज्ज्ञांनी ती अट बरीच सैल केली. औषध चालू असतानाच वणांवर सुई फिरवता येऊ लागली.