दिलेला शब्द

गेल्या हिवाळ्यात नगरला एका ख्रिस्ती मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. आम्ही मंगलाष्टकांना सरावलेली माणसे. अक्षता पडल्या की आमचे लक्ष पंगतीकडे. चर्चमध्ये मात्र ऐन वेळी सारे शांत झाले. पाळकांनी आधी वराला, मग वधूला तोच प्रश्न विचारला आणि दोघांनीही सगळ्यांना ऐकू जाईल असा होकार दिला. आजारपण येवो, गरिबी येवो, मृत्यूपर्यंत साथ सोडणार नाही, असे ते वचन.

माझ्या मनात आले, पंचविशीतल्या या मुलांना पुढच्या पन्नास वर्षांचे काय ठाऊक? प्रेम आज आहे, एवढेच माणूस सांगू शकतो. उद्याची हमी कोणी द्यावी?

जेवताना शेजारी मित्राची आई होती. वय ऐंशीच्या पुढे. पतीला अर्धांगवायू झाल्यावर नऊ वर्षे त्यांनी त्याचे सगळे अंथरुणावर केले. माझी शंका ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, आमच्या लग्नात आजारपणाचं काय म्हणाले, ते मी ऐकलंच नव्हतं. नवी चप्पल चावत होती, सगळं लक्ष पायाकडे! नंतर मात्र नऊ वर्षं ऐकत होते."

ख्रिस्ती विचाराचा गाभा मला या बोलण्यात सापडला. बायबलच्या दोन भागांची नावेच 'जुना करार' आणि 'नवा करार' अशी आहेत. देवाने माणसाशी करार केला, तो माणूस लायक आहे म्हणून नव्हे. आणि माणूस चुकला तरी देवाने शब्द मागे घेतला नाही, अशी ही श्रद्धा. पती-पत्नीचे नाते याच नमुन्यावर पाहिले जाते. भावना कमीजास्त होतात. शब्द मात्र देऊन ठेवलेला असतो.

नगरला गेल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई आठवणारच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सनातनी घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पुढे काही वर्षे दोघे दुरावलेले राहिले. त्या वेळी १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने त्याग केला, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयामार्फत तो विवाह संपवून नवा संसार थाटता येत असे. पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, विश्वास न धरणारा जोडीदार आपणहून निघून गेला तर जाऊ द्यावे, असे म्हटले आहे. म्हणजे कायद्याची वाट होती, धर्माचा आधारही होता. टिळक त्या वाटेने गेले नाहीत.

आणि लक्ष्मीबाई? त्या परतल्या, पण आपले सोवळे घेऊन. एका घरात दोन धर्म नांदले. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांचे त्यांना पटले, तेव्हा १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत जाणे त्यांना कधीच जमले नाही. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मरणाने वेगळे केल्यावरही या बाईने साथ सोडली नाही!

पण हे चित्र इथेच थांबवले, तर ते अर्धवट राहील. निष्ठेच्या नावाखाली बाईलाच सोसायला सांगण्याची रीत या समाजातही होती. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरतेसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता जायला २००१ साल उजाडले. कॅथलिक चर्च आजही न्यायालयाच्या घटस्फोटाने विवाह संपला असे मानत नाही. परंतु सोबत राहणे धोक्याचे असेल, तर वेगळे राहण्याची मुभा त्याच्याही नियमांत आहे.

त्या आजींना मी चाचरतच विचारले, "सगळ्यांनी तुमच्यासारखंच निभवावं, असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी पलीकडे वाढत असलेल्या धाकट्या मुलीकडे बोट दाखवले. "तिचा नवरा मारायचा. मीच जाऊन घेऊन आले तिला. लोक म्हणाले, देवापुढे शब्द दिलाय. मी म्हटलं, दोघांनी दिलाय ना? त्यानं तो कधीच मोडलाय."

ज्या बाईने नऊ वर्षे शब्द पाळला, तिलाच हे म्हणण्याचा अधिकार होता.

रात्री घरी परतल्यावर पत्नीला विचारले, "सप्तपदीच्या वेळी आपण काय म्हणालो होतो गं?"

"कोणाला आठवतंय!" ती म्हणाली. "धुरानं डोळे चुरचुरत होते."

लग्नाला तीस वर्षे होऊन गेली. तेव्हाचे ऐकायचे राहिलेले आम्ही अजून ऐकतो आहोत.