डबीवर नाव कुणाचं?

मोहटादेवीला निघालं की आम्हा नगरकरांना करंजीचा घाट लागतोच. 2024 च्या नवरात्रात सातव्या माळेला मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई स्कूटरवर निघालो. पहाटेची वेळ, रस्त्याने पायी जाणाऱ्या बायाबापड्यांची रीघ, मागे जाऊबाईंच्या मांडीवर ओटीची पिशवी. गप्पा रंगात आल्या होत्या. घाटातला उतार सुरू झाला आणि थोड्या वेळाने जाऊबाई म्हणाल्या, "अगं, काहीतरी जळतंय बघ." मला वाटलं, पुढच्या ट्रकचा वास असेल. पुढच्या वळणावर मी डाव्या हाताचा ब्रेक दाबला आणि तो थेट मुठीला येऊन टेकला. ब्रेकच नाही!

पुढचा ब्रेक दाबायची मला सवय नव्हती. शिकवणाऱ्यानेच सांगितलेलं, "पुढचा दाबू नको, पडशील." त्या दिवशी दाबला. पाय घासले, हँडल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि गाडी मुरमाच्या कडेला टेकून आडवी झाली. वेग फार नव्हता म्हणून निभावलं. माझं कोपर सोललं, जाऊबाईंचा गुडघा फुटला. पिशवीतला नारळ मात्र रस्त्यावरून गडगडत खाली गेला, तो आम्हाला परत दिसला नाही. आजही घरात त्या नारळाचीच गोष्ट जास्त सांगितली जाते. पण समोरून एसटी येत असती तर? हा विचार मी कुणाजवळ बोलून दाखवलेला नाही.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं गॅरेज आहे त्या चाचांनी मागचं चाक खोललं. आतून ब्रेक शू काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. अर्धचंद्रासारखा अॅल्युमिनियमचा तुकडा. त्यावर जो काळा थर बसवलेला असतो, ज्याला गॅरेजवाले लायनर म्हणतात, तो सुटून ड्रममध्ये तुकडे होऊन पडला होता. चाचांनी विचारलं, "बाई, ये माल किधर से लाये?"

आता कबुली देते. माल आम्हीच आणला होता. गॅरेजमध्ये शूची जोडी अडीचशेच्या घरात सांगितली होती. पुतण्या म्हणाला, "काकू, मोबाईलवर एकशे तीसला आहे, घरपोच." चार दिवसांत डबी आली. डबीवर स्कूटरचं चित्र, खाली चिनी वाटणारी अक्षरं आणि एक लांबलचक नंबर. बस. कुणी बनवलं, कुणी आणलं, काही नाही. चाचांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. पण गिऱ्हाईकच डबी घेऊन आलं तर तो बिचारा काय बोलणार? त्याने बसवून दिली. आणि मी एकशे वीस रुपये वाचवल्याच्या आनंदात वाण्याकडून साबुदाणा जास्तीचा आणला!

चाचांनी त्या दिवशी मला जे समजावलं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. लायनर शूला नुसता डिंक लावून चिकटवत नाहीत. खास प्रकारचा डिंक लावून, दाब देऊन तो भट्टीत तापवावा लागतो, तेव्हा कुठे तो घाटातल्या उष्णतेला टिकतो. वरून बघून हे कळत नाही. चांगला शू आणि कच्चा शू शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच काळे, सारखेच चकचकीत. कारखानदाराला पैसे वाचवायचे असतील तर तो इथेच वाचवतो, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही. शिवाय बिनगिअरच्या स्कूटरला उतारावर पहिला-दुसरा गिअर टाकून गाडी आवळून धरता येत नाही. वेग अगदी कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी पळते. सगळा भार ब्रेकवर. आणि मी तोही एकट्या मागच्या ब्रेकवर टाकला होता. तेव्हापासून दोन्ही ब्रेक एकदम दाबायची सवय लावून घेतली आहे. मैत्रिणींनो, तुम्हालाही कुणी "पुढचा दाबू नको" असं शिकवलं असेल तर मोकळ्या मैदानात जाऊन एकदा ते विसरायचा सराव करा.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी निकाल देऊन टाकला, "चायना माल! दुसरं काय होणार?" मलाही आधी तेच वाटलं. पण मग आईची आठवण झाली.

माझी आई लुना चालवायची. नगरच्या बायकांना लुनाचं वेगळं सांगायला नको. 1972 साली लुना बाजारात आली, ती आपल्या नगरच्या कायनेटिकच्या कारखान्यातून. (आता गावाचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण जुन्या जिभेला नगरच येतं, माफ करा.) तिचा कुठलाही भाग गावातच मिळायचा. आई म्हणायची, लुनाचा दोष निघाला तर तो बनवणारा माणूस आपल्याला भाजीबाजारात भेटतो! पुढे 1984 साली फिरोदियांनी जपानच्या होंडाबरोबर भागीदारी करून कायनेटिक होंडा आणली. ती मध्य प्रदेशात पीथमपूरला बनायची. बटण दाबलं की सुरू, गिअर नाही, साडी नेसून चालवता येते, किक मारायची कटकट नाही. आमच्या मावशीने ती घेतली तेव्हा शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या होत्या. आणि मावशी सगळ्यांना मोठ्या ऐटीत सांगायची, "जपानी इंजिन आहे हो!"

म्हणजे बघा, त्याच घरात एकेकाळी परदेशी हा शब्द भरवशाचा होता. आज तोच शब्द शिवीसारखा वापरतो. बदललं काय? मावशीच्या गाडीवर दोन नावं होती, एक नगरच्या घराण्याचं आणि एक जपानी कंपनीचं. काही बिघडलं तर जाब विचारायला दार होतं. ती भागीदारी 1998 साली संपली, 2008 मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्रांकडे गेला, पण तोवर मावशीची गाडी धावत होती. माझ्या डबीवर एकही नाव नव्हतं. माल चीनमध्ये बनला की आणखी कुठे, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि खरं सांगायचं तर आजकाल पूर्ण देशी गाडी शोधायला गेलं तर सापडेल का, शंकाच आहे. नामांकित कंपन्यांच्या स्कूटरमध्येसुद्धा काही भाग बाहेरून येतात. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने मोटरीत लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्याकडे इलेक्ट्रिक दुचाकी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचीही तारांबळ उडाली. त्या चुंबकांना आपण कुणी नावं ठेवत नाही, कारण तो माल कंपनी तपासून घेते आणि गाडीला स्वतःचं नाव लावते. उलट आपल्याच देशात कुठल्यातरी खोलीत बसून नामांकित कंपनीच्या डब्या छापणारेही आहेत, त्यांचा माल तर शंभर टक्के देशी! देश बघून माल पारखायचा म्हटलं तर आपली फसगत ठरलेली.

मग बघायचं काय? मी थोडी चौकशी केली. बंद पाकिटातून विकायच्या वस्तूवर काय छापलेलं असलं पाहिजे, याचे सरकारी नियम आहेत. 2011 सालचे, वजनमापे खात्याचे. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, माल बाहेरून आणला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशात बनला ते, महिना-वर्ष, सगळे कर धरून किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर. आपण मसाल्याच्या पुडीवर हे सगळं बघतो, तारीख उलटली असेल तर दुकानदाराला चार शब्द सुनावतो. पण स्कूटरच्या डबीकडे आपलं लक्षच जात नाही. जातच कशाला, डबी आपल्याला दाखवतो कोण? गाडी गॅरेजमध्ये टाकायची, संध्याकाळी आणायची, "काय काय बदललं?" असं विचारलं तर "ते तुम्हाला नाही कळायचं, मॅडम" असं उत्तर ऐकायचं. माझ्या डबीवर यातलं काहीच नव्हतं. म्हणजे ती विकणंच नियमबाह्य होतं, आणि मी ती पाहूनही घेतली होती.

मोबाईलवरून मागवताना तर डबी आधी बघताही येत नाही. तिथे वस्तूच्या माहितीत बनलेला देश आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता देणं 2020 च्या नियमांनी बंधनकारक आहे. खाली सरकवत गेलं की सापडतं. सापडलं नाही तर सरळ पुढे जावं, कितीही स्वस्त असो. आता टायर घेताना मी आयएसआयचा शिक्का आणि बाजूवरचे चार आकडे बघते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1821 म्हणजे 2021 सालचा अठरावा आठवडा. टायर नवाकोरा दिसतो, पण दुकानात चार-पाच वर्षं पडून असतो. हेल्मेटचंही तेच, 1 जून 2021 पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही. तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली टोपलीसारखी हेल्मेटं दिसतात, आणि पोलीस दिसला की ती डोक्यावर जातात.

इलेक्ट्रिक स्कूटरचं प्रकरण मला ब्रेकपेक्षाही काळजीचं वाटतं. तालुक्याच्या गावात आता छोट्या, नंबर प्लेट नसलेल्या इलेक्ट्रिक गाड्या पुष्कळ झाल्यात. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या, कमी ताकदीच्या, म्हणून लायसन्स लागत नाही, मुली क्लासला घेऊन जातात. आमच्या शेजारच्या मुलीचा चार्जर बिघडला. बाजारातून "सगळ्या गाड्यांना चालतो" असा चार्जर आणला. रात्री जिन्याखाली लावून सगळे झोपले. सकाळी बघतात तर चार्जरचं प्लॅस्टिक वितळलेलं आणि भिंतीवर काळा डाग! सगळ्या गाड्यांना चालणारा चार्जर नसतोच मुळी. साध्या लेड-अॅसिड बॅटरीचा चार्जर वेगळा, लिथियमचा वेगळा. दोघांचा प्लग एकमेकांत बसतो आणि आपण फसतो. 2022 च्या सप्टेंबरमध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचं पोर गेलं. त्या वर्षी देशात अशा बऱ्याच घटना झाल्या आणि मग डिसेंबरपासून रस्त्यावरच्या नोंदणीकृत इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचे नियम कडक झाले. पण नंतर बाजारातून आणलेल्या सुट्या बॅटरीला आणि चार्जरला आपल्या घरात कोण तपासायला येणार? शेजारच्या वहिनींना मी सांगून टाकलं, चार्जर ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याकडूनच घ्या, आणि रात्री जिन्याखाली मुळीच नको. आगीत बाहेर पडायची वाट तीच एक असते.

माझ्या ब्रेक शूचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. परत करायची मुदत सात दिवसांची, ती उलटून गेली होती. ज्या साइटवरून मागवलं त्यांनी "विक्रेत्याशी बोला" म्हटलं आणि विक्रेत्याचा फोन लागेना. आमचे हे म्हणाले, "एकशे तीस रुपयांसाठी कशाला डोकेफोड?" मी म्हटलं, अहो, एकशे तीस रुपयांचा प्रश्नच नाही, जाऊबाईंच्या गुडघ्याचा आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं, हे बरं आहे. तक्रार नोंदवली, बिलाचा आणि डबीचा फोटो पाठवला. नशिबाने डबी फेकली नव्हती, पुतण्याने त्यात स्क्रू ठेवले होते! दीड महिन्याने पैसे परत आले. याच्या पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. बनवणारा कोण हेच कळत नसेल तर विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं, असंही त्या कायद्यात आहे. मी तिथवर गेले नाही. गेले असते तर बरं झालं असतं, असं अधूनमधून वाटतं. कारण परवा पुतण्याने मोबाईल दाखवला. तीच डबी, तेच स्कूटरचं चित्र, विकणाऱ्याचं नाव फक्त वेगळं. आता एकशे एकोणीसला.

चाचांच्या गॅरेजमध्ये आता माझा एक नियम आहे. काढलेला जुना भाग मला दाखवायचा, नव्याची डबी माझ्या हातात द्यायची, आणि पक्कं बिल. पहिल्यांदा मी खुर्ची ओढून बसले तेव्हा पोरं एकमेकांकडे बघून हसली. दुसऱ्या वेळी एकाने स्वतःहून डबी पुढे केली. तिसऱ्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "ताई, काय बघताय एवढं?" मी दाखवलं. त्यांनी लगेच आपल्या गाडीची क्लचची डबी मागितली. चाचा वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही माझं गिऱ्हाईक बिघडवताय." पण डबी दिली. तिच्यावर आयात करणाऱ्याचं नाव होतं, मुंबईचा पत्ता होता, तारीख होती, आणि बनवलेला देश चीन! बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या, हे चालेल."

2025 च्या नवरात्रात मी पुन्हा मोहट्याला गेले, त्याच स्कूटरवर, सोबत पुतण्या. जाऊबाई एसटीने आल्या. गुडघा आता बरा आहे, पण स्कूटरवर बसायला तयार नाहीत. गडावर भेटलो तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन नारळ होते. एक यंदाचा, म्हणाल्या, आणि एक घाटात गेला तो.