रेडिओ केंद्राचा मालक बदलतो तेव्हा

वृत्तपत्राची मालकी कोणाकडे आहे, हे वाचकाला निदान वर्षातून एकदा छापील निवेदनातून कळते. रेडिओला असे पान नसते. केंद्र विकले जाते किंवा एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे जाते, तरी संचावरचा आकडा तोच राहतो. एखाद्या सकाळी ओळखीचा निवेदक ऐकू येत नाही, ठरलेल्या वेळी लागणारा कार्यक्रम लागत नाही, आणि काहीतरी बदलले आहे एवढेच श्रोत्याच्या लक्षात येते. काय बदलले, कोणी बदलले आणि त्यात आपल्याला विचारले गेले होते का, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात.

केंद्राची मालकी, कार्यक्रमांची धाटणी आणि श्रोत्यांची सवय या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सही-शिक्क्याने एका दिवसात बदलता येते आणि दुसरी काही आठवड्यांत. तिसरी मात्र आदेशाने बदलत नाही. भारतीय रेडिओच्या इतिहासात हे वारंवार दिसून आले आहे, आणि त्याचे एक ठळक उदाहरण गोव्यातच आहे.

एमिसोरा द गोवा ते आकाशवाणी

गोव्यात १९४६ साली पोर्तुगीज सरकारने ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले. ते सरकारी केंद्र होते, त्यामुळे त्याचा सूर लिस्बनच्या धोरणाशी जुळलेला असणे स्वाभाविकच होते. त्या आवाजाला उत्तर देण्यासाठी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सीमेपलीकडून एक भूमिगत केंद्र सुरू झाले. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसल रॉकच्या जंगलातून चालवलेल्या या केंद्राने, म्हणजे ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ने, कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून गोमंतकीयांशी संवाद साधला. याचा अर्थ असा की, १९५५ ते १९६१ या काळात गोव्यातील श्रोत्याला एकाच भूमीविषयी परस्परविरोधी बोलणारे दोन आवाज ऐकता येत होते. एकाजवळ राज्ययंत्रणेचे बळ होते, तर दुसऱ्याजवळ जंगलात लपवलेली साधने. केंद्राची साधनसामग्री आणि त्याची विश्वासार्हता या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत, हे त्या सहा वर्षांनी दाखवून दिले.

१८ डिसेंबर १९६१ रोजी ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाल्यावर भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर मारा केला. बाहेरच्या जगाशी गोव्याचा संपर्क तोडणे हे लष्करी उद्दिष्ट होते. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला, आणि जानेवारी १९६२ मध्ये पणजीहून आकाशवाणीचे प्रसारण सुरू झाले. व्हॉइस ऑफ फ्रीडमचे कार्य पूर्ण झाल्याने ते केंद्रही थांबले.

हा बदल मालकीचा होता, तसाच धाटणीचाही होता. लिस्बनकडे तोंड करून बोलणाऱ्या केंद्राच्या जागी दिल्लीशी जोडलेले केंद्र आले, आणि कालांतराने कोंकणी व मराठी या पणजी केंद्राच्या मुख्य भाषा झाल्या. राजकीयदृष्ट्या या बदलाचे स्वागत झाले, त्याबद्दल दुमत नाही. तरीही एखाद्या घराला परकी राजवट नकोशी असू शकते आणि त्या राजवटीच्या केंद्रावर लागणारे संगीत हवेसे असू शकते. मालकी बदलताना या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या जात नाहीत. जुन्या केंद्राबरोबर तिथल्या ध्वनिमुद्रिका, निवेदकांचे आवाज आणि हस्तलिखित संहिता यांचे काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक हस्तांतरात पहिल्या दिवशी विचारला गेला पाहिजे. पुढे तो विचारून काही उपयोग नसतो.

संस्थानांची केंद्रे

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी हाच अनुभव वेगळ्या रूपात घेतला आहे. बडोदे संस्थानाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. संस्थान भारतात विलीन होण्याच्या काळात, १९४८ साली, ते आकाशवाणीकडे आले. हैदराबादेत निजाम सरकारचे ‘डेक्कन रेडिओ’ होते, ज्यात उर्दूला प्रधान स्थान होते. हैदराबाद आणि औरंगाबाद येथील निजामाची केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीच्या ताब्यात आली. मालक बदलला तसा भाषांचा क्रमही बदलला. ज्या भाषेत दरबार बोलत होता तिच्या जागी जनतेची भाषा पुढे सरकली.

त्याआधीचे पहिले मोठे हस्तांतर तर खासगीकडून सरकारकडे झाले होते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनीची भिस्त मुख्यतः रेडिओ संचाच्या परवाना शुल्कातील वाट्यावर होती. संच महाग असल्याने घेणारे थोडे, आणि घेणाऱ्यांपैकी सगळेच परवाना काढत नव्हते. कंपनी १९३० साली मार्चमध्ये बंद पडली आणि एप्रिलमध्ये सरकारने ती केंद्रे चालवायला घेतली. १९३६ साली या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. आर्थिक गणित चुकले की केंद्राचा मालक बदलतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

मालक तोच, सूर वेगळा

मालकी न बदलता धाटणी बदलली तरी काय होते, हे १९५२ साली दिसले. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे निष्ठावान पुरस्कर्ते होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ नाहीसे झाले. शास्त्रीय गायक-वादकांना त्या काळात आकाशवाणीने जो आधार दिला तो मोलाचा होता, हे मान्य करावेच लागेल. पण चित्रपटगीते ऐकू इच्छिणारा श्रोता गप्प बसला नाही. त्याने संचाची कळ फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. त्या केंद्रावर त्याच वर्षी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. दक्षिण आशियातील दुसऱ्या देशाचे केंद्र भारतीय घराघरांत पोचले, ते आपल्याच केंद्राने दार लावून घेतल्यामुळे.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. तेव्हाही मंत्रिपदावर केसकरच होते. सरकारी मालकी असलेल्या, स्पर्धकाला परवानगी नसलेल्या यंत्रणेलाही श्रोत्याच्या सवयीपुढे नमते घ्यावे लागले, असा त्या पाच वर्षांचा अर्थ आहे.

खासगी एफएममध्ये नेमके काय विकले जाते?

१९९३ पासून आकाशवाणीच्या एफएम वाहिनीवरील वेळ खासगी कंपन्यांना विकला जाऊ लागला. ज्या मोजक्या शहरांत हा प्रयोग झाला त्यांत इंदूर, हैदराबाद आणि गोवा ही नावे होती. स्वतंत्र खासगी केंद्रे २००१ पासून सुरू झाली. दरम्यान, १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात एक मूलभूत तत्त्व सांगितले होते: ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी, नियमनाखाली व्हायला हवा.

या तत्त्वामुळे खासगी केंद्राच्या ‘विक्री’चा अर्थ मर्यादित होतो. ९२.७ किंवा ९८.३ हा आकडा कोणाच्या मालकीचा होत नाही. केंद्र सरकार लिलावातून विशिष्ट शहरात, विशिष्ट फ्रिक्वेन्सीवर प्रसारण करण्याची परवानगी देते. सध्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानुसार तिची मुदत १५ वर्षे आहे. विकली जाते ती परवानगी धारण करणारी कंपनी, तिचे नाव, यंत्रसामग्री, जाहिरातदारांशी असलेले करार आणि श्रोत्यांचा समूह. त्यासाठीही माहिती व प्रसारण मंत्रालयाची संमती लागते. पणजीसह देशभर केंद्रे असलेली ‘बिग एफएम’ची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यावर २०२४ साली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने सॅफायर मीडियाची योजना मंजूर केली. हे हस्तांतर न्यायाधिकरणात, धनको आणि बोलीदार यांच्यात ठरले. श्रोता त्या प्रक्रियेत पक्षकार नव्हता, आणि कायद्याने तो असतही नाही.

विक्रीनंतर धाटणी का बदलते, याचे कारणही हिशेबात आहे. नव्या मालकाला कर्ज आणि परवानगी शुल्क फेडायचे असते. तिसऱ्या टप्प्यात कंपनीला आपल्या केंद्रांचे जाळे जोडून एकच कार्यक्रम अनेक शहरांत प्रसारित करण्याची मुभा मिळाली. मुंबईत तयार झालेला तासाभराचा कार्यक्रम पणजीत किंवा वडोदऱ्यात लावला, तर स्थानिक निवेदक, लेखक आणि ध्वनिमुद्रण यांचा खर्च वाचतो. मोठ्या शहरात श्रोत्याजवळ आठ-दहा पर्याय असतात, त्यामुळे एका केंद्राचा सूर बदलला तरी तो दुसरीकडे जातो. लहान राज्यात किंवा सीमाभागात पर्याय दोन-तीनच असतात. तिथे एक स्थानिक तास गेला की त्या भाषेतील तो तास संपूर्ण हवेतूनच जातो.

बातम्यांचा प्रश्न

या सगळ्यात सर्वांत गंभीर बाब बातम्यांची आहे. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावण्याची परवानगी आहे. वाहतूक, हवामान, परीक्षा, सांस्कृतिक कार्यक्रम, नागरी सेवांच्या सूचना आणि नैसर्गिक आपत्तीविषयक माहिती देता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी केंद्रांना तासाला १० मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली.

या नियमाचा परिणाम असा की, स्थानिक भाषेतील रेडिओ-बातमीची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागांवर येते. तिथे कपात झाली तर ती पोकळी भरण्याची दुसऱ्या कोणालाही मोकळीक नाही. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर झाला. लोकप्रतिनिधी आणि श्रोत्यांनी विरोध केल्यावर त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. पुण्यासारख्या मोठ्या शहराला आवाज उठवणे तुलनेने सोपे होते. लहान केंद्राच्या वाट्याला तेवढे लक्ष येईलच असे नाही.

श्रोत्याने काय विचारावे?

एखादे स्थानिक केंद्र नव्या मालकाकडे जाणार किंवा नवी धाटणी स्वीकारणार अशी वार्ता आली, की चार प्रश्न लगेच विचारता येतात. कोंकणी, मराठी किंवा इतर स्थानिक भाषेला दिवसातले किती तास राहणार? त्या तासांतले किती इथे तयार होणार आणि किती दुसरीकडून आणले जाणार? वादळ, पूर किंवा दरड अशा प्रसंगी रात्री केंद्रात माणूस असणार की संगणकावर लावलेली गाणी वाजत राहणार? आणि जुना ध्वनिसंग्रह, म्हणजे नाट्यगीते, भजने, धालो-फुगडीची गीते, मुलाखती, कोणाच्या ताब्यात जाणार?

हे प्रश्न विचारण्यासाठी श्रोत्याजवळ मालकीहक्काचा कागद असण्याची गरज नाही. ध्वनिलहरी सार्वजनिक असतील, तर त्या वापरणाऱ्याने उत्तर देणे बांधील ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तेव्हा मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल असे सरकारने सांगितले. परवानग्या देताना आणि त्या एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हे आश्वासन अटींच्या रूपात लिहिले गेले, तरच ते मोजता येईल. अन्यथा नवी केंद्रे वाढतील, आणि त्यांवर सगळीकडे तोच कार्यक्रम लागेल.