बर्फातली सहल आणि मुलांची बोटे

मनाली-गुलमर्गहून परतलेले पालक 'मुलाची गारठलेली बोटे शेगडीवर शेकली' असे सांगतात. हे चूक आहे. हिमदंशात बोट पांढुरके, मेणासारखे कडक व बधिर होते. दुखत नाही म्हणून लहान मूल सांगत नाही, आणि भाजले तरी त्याला कळत नाही. चोळू नये, बर्फाने तर मुळीच नको. ओले मोजे काढून बोटे ३७ ते ३९ अंश सेल्सिअस कोमट पाण्यात १५ ते ३० मिनिटे बुडवावीत. पाणी आपल्या कोपराने पाहावे. ऊब येताना मूल कळवळून रडते, घाबरू नये. वाटेत पुन्हा गारठण्याची भीती असेल, तर मात्र आधी मुक्काम गाठावा. फोड फोडू नयेत, लगेच डॉक्टरांना दाखवावे. हातमोजे चारही बोटे एकत्र राहणारे घ्यावेत, आणि एक कोरडा जोड खिशात असावा.